जरा खाली या

आमचं डिझाइन ऑफिस वर आणि शॉप खाली. मध्ये एकवीस पायऱ्यांचा लोखंडी जिना. भोसरीच्या एमआयडीसीत ही व्यवस्था पुष्कळ ठिकाणी दिसते, आणि ती कुणीतरी मुद्दाम केली असावी असा मला संशय आहे. चूक वर होते, सापडते खाली, आणि पश्चात्तापाला मधल्या एकवीस पायऱ्या मिळतात.

खालून बोलावणं येतं ते फिटर मामांचं. मामा फोनवर कमी बोलतात, पण त्यांच्या बोलण्याच्या प्रती ठरलेल्या आहेत. "साहेब, सवडीनं चक्कर टाका" म्हणजे ड्रॉइंगवर एखादं माप लिहायचं राहिलंय. "साहेब, ड्रॉइंग घेऊन या" म्हणजे माप लिहिलंय, पण दोन ठिकाणी दोन वेगळं. आणि "साहेब, जरा खाली या" म्हणजे लोखंडाला लोखंड लागलंय. 'जरा' हा शब्द आपण मराठी माणसांनी फार मोठ्या गोष्टींसाठी राखून ठेवला आहे. डॉक्टर पेशंटला बाहेर बसवून नातेवाइकाला "तुम्ही जरा आत या" म्हणतात. मुलाच्या डायरीत बाई "पालकांनी जरा भेटून जावे" असं लिहितात. त्यातलाच हा 'जरा'.

त्या दिवशी सव्वाअकराला 'जरा' आला तेव्हा माझ्या समोरच्या स्क्रीनवर अख्खं मशीन उभं होतं आणि बाजूच्या चौकटीत लिहिलं होतं : 'नो इंटरफिअरन्सेस'. कुणाचा कुणाला अडथळा नाही. बाराशे भाग गुण्यागोविंदानं नांदतायत. असं एकत्र कुटुंब मी फक्त स्क्रीनवरच पाहिलं आहे.

मशीन म्हणजे एसपीएम, स्पेशल पर्पज मशीन. एकाच गिऱ्हाइकासाठी, एकाच जॉबला, ठरलेली भोकं पाडणारं. आमचा जॉब गिअरबॉक्सचं हाउसिंग होतं. ते फिक्स्चरवर बसणार, सहा स्विंग क्लॅम्प ते दाबून धरणार आणि एक हवेचा सिलिंडर पिन पुढे सारून ते जागच्या जागी ठेवणार. हा सिलिंडर ६३ बोअरचा. बाहेरून मोजला तर साधारण ७५ मिलिमीटरचा चौकोन.

मी खाली पोचलो तेव्हा मामा फिक्स्चरसमोर उकिडवे बसले होते. डाव्या हातात पाना, कानावर खडू. आजूबाजूला टर्नर, वेल्डर, पॅकिंगचा पोऱ्या आणि चहावाला. एरवी शॉपमध्ये माणूस शोधावा लागतो. डिझाइनवाला खाली उतरला की मात्र सगळ्यांची कामं त्याच कोपऱ्यात निघतात.

"हे बघा," मामा म्हणाले. चूक झाली, तुम्ही केली, असलं काही मामा कधीच म्हणत नाहीत. 'हे बघा' म्हणून पान्याचं टोक लावतात. टोक जिथे लागलं होतं तिथे ब्रॅकेटची रिब आणि सिलिंडरचं अंग एकाच जागेवर हक्क सांगत होते. सिलिंडर ब्रॅकेटच्या वर ११ मिलिमीटर अधांतरी राहिला होता. शॉपच्या भाषेत साडेतीन सूत. ही चूक दिसायला चष्मा लागत नाही.

"कंप्युटरमध्ये बसला होता का?" मामांनी विचारलं.

"बसला होता."

मामांनी मान डोलावली. "मग गिऱ्हाइकाला कंप्युटरच पाठवू."

हसणाऱ्यांत चहावाला सगळ्यात पुढे होता.

आता ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांना वाटेल, एवढं महागाचं सॉफ्टवेअर, त्याला दोन लोखंडं एकमेकांत घुसलेली दिसू नयेत? तर कॉम्प्युटरमधलं पोलाद हे भुताखेतांच्या जातीचं असतं. ते भिंतीतून आरपार जातं, दुसऱ्या पोलादाच्या पोटात जाऊन बसतं आणि दोघांपैकी कुणीही हूं की चूं करत नाही. तुम्ही मुद्दाम विचारलंत तरच सॉफ्टवेअर बघतं. त्यासाठी वेगळं बटण आहे. ते दाबणं हा आमच्याकडे कुळाचार आहे, म्हणजे सगळे मानतात आणि जमेल तेव्हा पाळतात.

बटण दाबल्यावर बिचाऱ्याला काम किती पडतं बघा. बाराशे भाग म्हणजे ७,१९,४०० जोड्या. प्रत्येक जोडीला विचारायचं, तुमचं भांडण आहे का? एवढं करत बसलं तर आमची डिलिव्हरीची तारीख निघून जाईल. म्हणून अशी सॉफ्टवेअरं एक युक्ती करतात. आधी प्रत्येक भागाभोवती एक मोठं खोकं कल्पायचं आणि खोकी एकमेकांना लागतायत का एवढंच बघायचं. लागत नसतील तर विषय मिटला. मुलगा अमेरिकेतून हलणार नाही आणि मुलगी सांगली सोडणार नाही म्हटल्यावर पत्रिका कोण काढतं? खोकी जिथे लागतात तिथेच पत्रिका उघडायची, म्हणजे एकेक पृष्ठभाग, एकेक कड तपासायची. हे काम सॉफ्टवेअरच्या पोटातलं गणिती इंजिन करतं. आमच्यात पॅरासॉलिड आहे, ब्रिटनमधल्या केंब्रिजला जन्मलेलं. त्याचं सगळं जग एक किलोमीटरच्या खोक्यात मावतं आणि त्या जगात त्याला मिलिमीटरच्या एक लाखाव्या भागापर्यंतचा फरक कळतो. माणसाचा केस त्याच्या हिशेबानं सात हजार पट जाड. तर एवढ्या तीक्ष्ण नजरेच्या माणसाला साडेतीन सूत दिसलं नाही.

त्यानं काहीच पाहिलं नव्हतं असंही नाही. पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा त्यानं ३४६ टकरी काढून दाखवल्या होत्या. सगळं फिक्स्चर लाल. गोवर उठल्यासारखं.

त्या ३४६ टकरी बोल्टच्या होत्या. एम-८च्या बोल्टला आटे पाडायचे तर आधी ६.८ मिलिमीटरचं भोक मारतात आणि मग त्यात टॅप फिरवतात. आम्ही मॉडेलमध्ये भोक ६.८चं काढतो, बोल्ट ८चा काढतो आणि आटे काढतच नाही. आट्यांची प्रत्येक खाच खरोखर काढायला गेलो तर कॉम्प्युटर दुपारची झोप काढेल. त्यामुळे सॉफ्टवेअरला दिसतं ते असं की आठचा गडी पावणेसातच्या दारातून घुसला आहे आणि सगळीकडून ०.६ मिलिमीटर भिंतीत रुतला आहे. त्याच्या जागी ते बरोबरच आहे. आटा ही काय चीज आहे हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही. आपल्या लग्नात पाहुण्यांची झटापट बघून परदेशी माणूस पोलिसांना फोन करेल, आणि असते ती आहेर परत करण्याची ओढाताण. तसं.

यावर उपाय आहे. बोल्ट-नटांच्या टकरी वेगळ्या फोल्डरमध्ये टाका, आट्यांच्या आणखी वेगळ्या, उरलेल्यांवर 'इग्नोर' दाबा. हे 'इग्नोर' बटण फार गोड आहे. पहिली दहा-वीस तुम्ही नीट बघून दाबता. शंभराव्यापर्यंत बोट आपोआप चालायला लागतं. दोनशेनंतर तुम्ही मनात संध्याकाळची भाजी ठरवत असता. या तपासणीत कारकुनी इतकी की ती करणारा माणूस सहा महिन्यांत कुठल्याही सरकारी खिडकीवर बसायला लायक होतो.

त्यात आमच्याकडे नुकतीच एक ट्रेनी मुलगी लागली होती. हुशार. सॉफ्टवेअरमध्ये जेवढ्या चौकटी आहेत तेवढ्या टिक करून बघणारी. तिनं 'स्पर्शालाही टक्कर समजा' अशा अर्थाची चौकट टिक केली आणि ३४६चे दोन हजारांवर गेले. प्लेटवर ठेवलेला पॅड, पॅडवर टेकलेला जॉब, एकमेकांना चिकटून उभ्या दोन बार, सगळेच गुन्हेगार. ती घाबरून माझ्याकडे आली. मला मात्र आजी आठवली. आजी सोवळ्यात असली की माजघरात हाच नियम असे. धक्का लागायलाच पाहिजे असं नाही, नुसती सावली नीट पडली नाही तरी "शिवलास!" आणि पुन्हा आंघोळ. त्या घरात आम्ही अकरा जण राहायचो आणि दर दिवशी दोन हजार इंटरफिअरन्स सहज निघायचे. मी मुलीला म्हटलं, ती टिक काढ, आपण काही सोवळ्यात नाही. तिनं सोवळं गुगल केलं असावं, कारण दुपारी तिनं चहाचा कप माझ्या टेबलावर लांबूनच ठेवला.

हे झालं स्थिर तपासणीचं. मशीन थोडंच उभं राहण्यासाठी बनवतात? हलत्या भागांची गंमत वेगळीच. स्थिर तपासणी म्हणजे लग्नातला ग्रुप फोटो. दोन्ही व्याही खांद्याला खांदा लावून हसतायत. तिथपर्यंत त्यांना कुणी, किती वेळा समजूत घालून आणलं ते फोटोत येत नाही. आमचा स्विंग क्लॅम्प असाच. दाबलेल्या अवस्थेत शहाणा, उघडलेल्या अवस्थेत शहाणा. पण एकीकडून दुसरीकडे जाताना त्याचा हात ९० अंशांत वळतो, आणि नेमका पन्नाशीच्या आसपास शेजारच्या लोकेटरच्या कानफटात देतो. हे कळायला भाग माऊसनं धरून ओढावा लागतो. 'टक्कर होताच थांबा' असं सांगून ओढलं की भाग अडतो, अडलेली बाजू उजळते आणि आवाजही येतो. आमच्या ऑफिसात तो 'टुंग' वाजला की अकाउंट्सच्या बाई अजूनही आपला मोबाइल बघतात.

याच्याही खोड्या आहेत. 'फक्त ओढलेलाच भाग तपासा' असं सांगून ठेवलं असेल तर तो भाग सभ्यपणे थांबतो, पण त्याच्या मागून खेचली जाणारी वरात खुशाल भिंतीतून जाते. तपासायचे भाग निवडून दिले असतील तर न निवडलेल्याशी झालेली टक्कर ही टक्करच नव्हे. आणि सगळ्यात मोठी खोडी ही की भाग सुरुवातीलाच एकमेकांत घुसलेले असतील तर त्यांना 'टक्कर होताच थांबा' म्हणून उपयोग नसतो. थांबायचं कुठे? ते आधीच एकमेकांच्या घरात आहेत.

मला या सगळ्याचं शिक्षण कॉलेजात मिळालं नाही. ते आमचं कपाट तिसऱ्या मजल्यावर चढवताना मिळालं. गोदरेजचं, लग्नातलं, साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद. लिफ्टमध्ये ते जाणार नाही हे बघताक्षणी कळलं. मी आदल्या रात्री टेप घेऊन जिना मोजला, मॉडेल काढलं, कपाट काढलं आणि ते माऊसनं ओढत ओढत वर नेलं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर 'टुंग'. आडवं नेलं, टुंग. उभं नेलं, टुंग. पावणेदोनपर्यंत टुंग. सकाळी हमाल आले तेव्हा मी त्यांना जिन्याखालीच सांगितलं, हे कपाट वळणार नाही, गणितानं सिद्ध झालेलं आहे. मुकादमानं माझ्याकडे दयेनं पाहिलं, वितीनं कपाट मोजलं आणि "उचला रे" म्हणाला. मग नेहमीचं सुरू झालं. "उभं घ्या... तिरकं... अजून तिरकं... पोटात घ्या, पोटात घ्या..." दुसऱ्या मजल्याच्या वळणावर माझं गणित बरोबर निघालं. कपाट अडकलं. मी विजयानं वर बघतोय तोच मुकादमानं समोरच्या फ्लॅटची बेल वाजवली. "वहिनी, जरा दार सताड उघडा." आणि कपाटाचं डोकं त्यांच्या हॉलमध्ये घालून, डायनिंग टेबलावरच्या वरणाच्या पातेल्याला प्रदक्षिणा घालून, माणसांनी ते वळवलं आणि वर नेलं. माझ्या मॉडेलमध्ये त्या वहिनींचं दार म्हणजे भिंत होती.

गणितज्ञांना हा प्रश्न फार छळतो हे मला नंतर कळलं. १९६६ साली लिओ मोझर यांनी तो रीतसर मांडला. एक मीटर रुंदीचा बोळ काटकोनात वळतो, तर त्या वळणातून नेता येईल असा मोठ्यात मोठा सोफा केवढा? १९९२ साली जोसेफ गर्व्हर यांनी टेलिफोनच्या जुन्या रिसीव्हरसारखा दिसणारा एक सोफा शोधला. क्षेत्रफळ २.२१९५ चौरस मीटर. याहून मोठा शक्यच नाही, याची शंभरावर पानांची सिद्धता २०२४च्या अखेरीला दक्षिण कोरियातल्या एका तरुण गणितज्ञानं मांडली. म्हणजे साठेक वर्षं झाली. त्यातल्या कुणीही समोरच्यांची बेल वाजवून पाहिली नाही.

जगात मोठमोठी मंडळी याच जिन्यावर अडकलेली आहेत, हे मी मामांना त्या दिवशी सांगून पाहिलं. बोइंगनं ७७७ हे विमान सगळंच्या सगळं कॉम्प्युटरवर जोडून पाहिलं आणि मग बनवलं. त्याआधी विमानाचा अख्खा नमुना उभारून पाइप कुठे आपटतात ते बघत. ७७७मध्ये भाग तीस लाखांच्या घरात, सॉफ्टवेअर कॅटिया, पहिलं उड्डाण १२ जून १९९४ला. पहिलं विमान जुळवलं तेव्हा ते सरळ रेषेपासून फक्त ०.०२३ इंच हललं होतं, असं बोइंग सांगते. मामांनी मनात हिशेब केला. "पाव सूतसुद्धा नाही," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच कॉम्प्युटरबद्दल त्यांच्या चेहऱ्यावर आदर दिसला. मी तिथेच थांबायला हवं होतं. पण मी एअरबसचंही सांगितलं.

ए-३८० हे दुमजली विमान. पोटात सुमारे ५३० किलोमीटर वायर. विमानाचे काही तुकडे जर्मनीत हॅम्बुर्गला बनायचे आणि फ्रान्समध्ये तुलूझला जोडले जायचे. वायरचे जुडगे हॅम्बुर्गहून आले आणि तुलूझला ते बसेनात, कुठे अपुरे पडायला लागले. कारण हॅम्बुर्गवाले कॅटियाच्या चौथ्या आवृत्तीत काम करत होते आणि तुलूझवाले पाचव्या. मुलीकडच्यांनी दाते पंचांग बघून मुहूर्त काढावा आणि मुलाकडच्यांनी टिळक पंचांग, आणि दोघांनी आपापल्या तारखेला हॉलवर पोचावं, असं ते झालं. २००६ साली उशिरावर उशीर जाहीर होत गेला आणि पहिलं विमान सिंगापूर एअरलाइन्सच्या हाती पडलं ते ऑक्टोबर २००७मध्ये.

"मग त्यांच्या फिटरनं काय केलं?" मामांनी विचारलं.

"वायरी पुन्हा टाकल्या."

"हातानं?"

"हातानंच."

मामांनी टर्नरकडे बघितलं, टर्नरनं वेल्डरकडे बघितलं. कामगार ऐक्याचा एक हुंकार शॉपभर फिरला.

वर येऊन मी तपास सुरू केला. पहिला संशय 'इग्नोर'वर. ३४६मध्ये खरी टक्कर वाहून गेली असेल. सगळी यादी परत उघडली, एकेक बघितली. सगळे बोल्ट. दुसरा संशय, सिलिंडर दडवून ठेवला होता आणि दडवलेले भाग तपासू नका असं सांगितलं होतं. नाही, तो राजरोस दिसत होता. तिसरा, तो 'सप्रेस' केलेला, म्हणजे हजेरीपटावर आहे पण वर्गात नाही, असा. तेही नाही. चौथा, मॉडेल जुनं आणि शॉपला गेलेलं ड्रॉइंग नवं. हा संशय मला फार आवडला, कारण त्यात दोष दुसऱ्याचा ठरत होता. पण तारखा जुळल्या. दोन वाजले. मी सॉफ्टवेअर बंद करून चालू केलं, मग कॉम्प्युटर बंद करून चालू केला. आमच्या क्षेत्रात यालाच संशोधन म्हणतात.

ट्रेनी मुलगी मागे येऊन उभी होती. "सर, कापून बघू का?" म्हणाली. म्हणजे सेक्शन, स्क्रीनवर आडवा छेद. म्हटलं, बघ. तिनं छेद घेतला. ब्रॅकेट कापला गेला तो भरीव, रेघारेघांचा, मुळा कापल्यासारखा. आणि सिलिंडर...

"सर, हा पोकळ आहे."

"अगं, सिलिंडर पोकळच असतो. हवा कुठून जाणार?"

"नाही सर, याला भिंतच नाहीये."

बघतो तर खरंच. सिलिंडर म्हणजे बाहेरून नुसती कातडी. जाडी शून्य. आत पिस्टन नाही, रॉड नाही, भिंत नाही. फुगवलेल्या कागदी पिशवीचा आकार, आणि पिशवी फुटल्यावरही आकार तसाच. हे मॉडेल आम्ही काढलेलं नव्हतं. पुरवठादाराकडून स्टेप फाइलच्या रूपात उतरवून घेतलेलं होतं, कारण बाजारात मिळणारी वस्तू पुन्हा कोण काढत बसतो? उतरताना कुठेतरी कडा जुळल्या नाहीत आणि घन वस्तूऐवजी नुसते पृष्ठभाग आले. वरून रंग तोच, लेबल तेच, चमकही तीच. आणि आमची तपासणी बघते ती घन वस्तूंची. ज्याला आतलं असं काही नाहीच, त्याच्या आत कुणी घुसलं तर ते घुसणं कसलं? ब्रॅकेटची रिब त्याच्यातून ११ मिलिमीटर आरपार गेली आणि सॉफ्टवेअरनं प्रामाणिकपणे लिहिलं, नो इंटरफिअरन्सेस.

औषध सोपं निघालं. पृष्ठभागांना टाके घालून घन वस्तू करायची, दोन कडांत फट होती ती बुजवायची. मुलीनं दहा मिनिटांत केलं. बटण दाबलं आणि एक टक्कर आली, लालभडक, ११ मिलिमीटरची. चोर जाऊन, पंचनामा होऊन, शेजारी जेवून झोपल्यावर कुत्रं भुंकावं तशी. मग आम्ही उतरवलेल्या सगळ्या स्टेप फाइली उघडल्या. मोटर भरीव, व्हॉल्व्ह भरीव, तीन सेन्सर भुतं.

नवं ड्रॉइंग घेऊन मी एकवीस पायऱ्या उतरलो. ब्रॅकेटची रिब १५ मिलिमीटर कापायची, ११ टकरीचे आणि ४ मोकळीकीचे, असं त्यावर रिव्हिजनसकट छापलं होतं. खाली ग्राइंडरच्या ठिणग्या थंड झालेल्या होत्या. सिलिंडर बसलेला होता. मामांनी व्हर्नियर लावून दाखवला. पंधरा.

"ड्रॉइंग आणलंत, बरं झालं," ते म्हणाले. "फाइलला लागेल."

आणि मी वळणार तेवढ्यात : "आता हे बघा."

पाना डाव्या हातातच होता. सिलिंडरच्या मागच्या पायाचे चार एम-१० ऍलन बोल्ट. बोल्ट बसत होते. भोकं जुळत होती. पण ज्या आठच्या ऍलन कीनं ते आवळायचे तिला फिरायला जागाच नव्हती. एकीकडे प्लेट, दुसरीकडे फ्रेमच्या वेल्डचा मणी. वेल्ड आम्ही मॉडेलमध्ये काढत नाही, चिन्ह देतो. त्या चिन्हाची जाडी शून्य आणि वेल्डरनं प्रेमानं सोडलेला मणी आठ मिलिमीटर. शिवाय मधूनच हवेची नळी जात होती, जी मॉडेलमध्ये नव्हतीच. नळी कुठून जाईल हे आम्ही मामांवर सोडतो आणि मामा देवावर.

"की कुठून घालू?" मामांनी विचारलं. "आणि घातली तर हात कुठून घालू?"

एक तुकडा कापून आखूड ऍलन की बनवून त्यांनी ते बोल्ट आवळले. प्रत्येक बोल्टला एका दमात मोजून साठ अंश, मग की काढायची, परत घालायची, परत साठ अंश. चार बोल्टना पाऊण तास. तोपर्यंत कुणी काही बोललं नाही. चहावालासुद्धा.

पुढच्या मशीनच्या वेळी मी ऐकलं. ट्रेनी मुलगी म्हणाली, सर, हाताचा पार्ट काढू या ना. आम्ही मामांची मूठ मोजली. पान्यासकट ९५ मिलिमीटर. मनगटापासून कोपरापर्यंत एक निमुळता दांडा. घन, भरीव, छेद घेऊन तपासलेला. पार्टचं नाव 'मामा-हात'. जिथे जिथे बोल्ट आहे तिथे तिथे तो हात नेऊन ठेवला, ओढून फिरवला आणि बटण दाबलं. चौदा टकरी. एकही बोल्ट-नटाची नाही, सगळ्या मामांच्या. प्लेटा सरकवल्या, दोन खिडक्या कापल्या, नळीसुद्धा काढली. वेल्डचा मणी काढला. शेवटी शून्य.

मी मामांना फोन केला. म्हटलं, "मामा, जरा वर या."

एकोणीस वर्षांत मामा पहिल्यांदा जिना चढून आले. दारात चपला काढल्या, पुसून पुसून हात कोरडे केले आणि स्क्रीनसमोर उभे राहिले. मुलीनं राखाडी हात एकेका बोल्टपाशी नेऊन दाखवला, पाना फिरवून दाखवला. कुठेच टुंग झालं नाही. मामांनी मान तिरकी करून ते सगळं शेवटपर्यंत बघितलं.

"हा माझा हात?"

"तुमचाच. मापानं काढलाय."

मामांनी आपला हात स्क्रीनजवळ नेला, त्या हाताशेजारी धरला, एकदा पालथा केला, एकदा उताणा.

"छान आहे," ते म्हणाले. "पण हा उजवा आहे, साहेब. मी डावरा."